वेगदेवतेचा साधक : बर्ट मन्रो

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिल येथे मिठाचे एक विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. नजर पोहोचेल तिथवर पांढरेशुभ्र मीठ आणि त्यावर गाडीला दिशा दाखवणारी एक लांबलचक काळी रेघ. जगातील वेगवेडे दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस तेथे जमतात. १९६७ च्या ऑगस्ट महिन्यात या मैदानावर न्यूझीलंडहून आलेले ६८ वर्षांचे एक गृहस्थ आपली मोटारसायकल घेऊन उभे होते. गाडी १९२० सालची, म्हणजे ४७ वर्षांची जुनी. कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा तिचा कमाल वेग ताशी सुमारे ८९ किलोमीटर होता. त्या दिवशी तिने ताशी २९६ किलोमीटरचा वेग गाठला आणि हजार सीसीखालील गटात विश्वविक्रम नोंदवला. त्या गृहस्थांचे नाव हर्बर्ट जेम्स मन्रो. जग त्यांना बर्ट मन्रो या नावाने ओळखते.

रॉजर डोनाल्डसन यांनी दिग्दर्शित केलेला आणि अँथनी हॉपकिन्स यांनी मन्रोंची भूमिका केलेला 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा चित्रपट २००५ साली पडद्यावर आला. शीर्षकातील 'इंडियन' या शब्दामुळे आपल्याकडे काहींचा गोंधळ उडाला होता. 'इंडियन' हे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे स्थापन झालेल्या मोटारसायकल कंपनीचे नाव. तिचा भारताशी संबंध नाही. चित्रपटाने मन्रोंची जिद्द घराघरांत पोहोचवली. मात्र ज्या लहानशा लोखंडी तुकड्यांवर त्यांनी आयुष्यातील असंख्य रात्री खर्च केल्या, ते कॅम पडद्यावर फारसे दिसत नाहीत. आज पुण्या-मुंबईतील तरुण आपल्या प्रवासी गाडीसाठी 'परफॉर्मन्स कॅमशाफ्ट' शोधत फिरतात. त्यांनी मन्रोंचे आयुष्य या बाजूनेही पाहावे, असे ते आहे.

शेतावरचा मुलगा

मन्रोंचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकावरील इन्व्हरकार्गिल येथे झाला. त्यांच्याबरोबर जन्मलेली जुळी बहीण जन्मतःच दगावली. हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही, असे डॉक्टरांनी आईवडिलांना सांगितले होते. मूल जगले आणि एडनडेलजवळच्या शेतावर वाढले. घोडा भरधाव सोडणे हा त्याचा लहानपणीचा छंद. शेतावरचे तेच ते जीवन त्याला रुचत नव्हते. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा रणांगणावर जाण्याची त्याची इच्छा होती. पण वय भरले नव्हते आणि पुढे युद्धच संपले. त्यानंतर ओटिरा येथील रेल्वे बोगद्याच्या कामावर त्यांनी काही काळ मजुरी केली. वडिलांनी नवी जमीन घेतल्यावर ते पुन्हा शेतावर परतले.

१९२० साली त्यांनी नवी कोरी 'इंडियन स्काऊट' विकत घेतली. चार्ल्स फ्रँकलिन या आयरिश अभियंत्याने आखलेल्या या गाडीला सुमारे ६०० सीसीचे, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखे दोन सिलिंडरांचे इंजिन होते. गिअर हाताने बदलावे लागत. तीनच गिअर. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कडेला बसवलेले. त्या काळातील कच्च्या रस्त्यांवर दिवसभर न कुरकुरता चालावी, चढणीवर दम सोडू नये, पेट्रोल बेताने खावे, या हिशेबाने ती घडवली होती. आजच्या भाषेत सांगायचे तर ती एक प्रामाणिक प्रवासी गाडी होती. तिचे कॅमही त्याच स्वभावाचे, सौम्य आणि समंजस होते.

सहा वर्षे मन्रोंनी ती तशीच चालवली. १९२६ मध्ये त्यांनी तिचे इंजिन उघडले आणि त्यात फेरफार करायला सुरुवात केली. हे काम पुढे जवळजवळ अर्धशतक चालले.

कॅम म्हणजे काय?

मन्रो नेमके काय करत होते हे समजण्यासाठी इंजिनात थोडे डोकावले पाहिजे. फोर स्ट्रोक इंजिन हे एका अर्थाने श्वासोच्छ्वास करणारे यंत्र आहे. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोलचे मिश्रण आत ओढले जाते, वर येताना ते दाबले जाते, ठिणगीने पेट घेते आणि शेवटी धूर बाहेर फेकला जातो. आत घेण्याचे दार एक, बाहेर टाकण्याचे दार दुसरे. ही दारे म्हणजे व्हॉल्व्ह. त्यांची उघडझाप करतो तो कॅम. कॅम म्हणजे एका बाजूला फुगवटा असलेली लोखंडी चकती. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा कॅमची एक फेरी पुरी होते. फुगवटा वर आला की व्हॉल्व्ह उघडतो, सरला की स्प्रिंग त्याला बंद करते. असे कॅम एका दांड्यावर ओळीने बसवले की झाला कॅमशाफ्ट.

फुगवट्याची उंची, म्हणजेच लिफ्ट, यावरून व्हॉल्व्ह किती उघडणार ते ठरते. त्याच्या रुंदीवरून व्हॉल्व्ह किती वेळ उघडा राहणार ते ठरते. त्याला ड्युरेशन म्हणतात. दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी काही क्षण उघडे असतात, त्या कालावधीला ओव्हरलॅप म्हणतात. या तीन गोष्टी बदलल्या की तेच इंजिन वेगळ्या स्वभावाचे होते.

याचे कारण असे की हवेलाही वजन असते. मिनिटाला ६ हजार फेऱ्यांवर पिस्टनला एकदा खाली जायला सेकंदाचा केवळ २०० वा भाग मिळतो. एवढ्या अवधीत सिलिंडर पुरता भरत नाही. म्हणून इनटेक व्हॉल्व्ह लवकर उघडायचा आणि पिस्टन पुन्हा वर निघाल्यावरही थोडा वेळ उघडा ठेवायचा. वेगाने येणारी हवा आपल्याच जोराने आत घुसत राहते आणि सिलिंडर अधिक भरतो. ताकद वाढते, ती अशी. मात्र हेच इंजिन २ हजार फेऱ्यांवर चालवले तर हवेला तेवढा जोर नसतो. वर येणारा पिस्टन आत आलेले मिश्रण उघड्या दारातून परत बाहेर ढकलतो. गाडी धडपडते, एका जागी उभी असताना इंजिन अडखळते, पिकअप जातो, पेट्रोल वाया जाते. वरच्या फेऱ्यांत मिळवलेली ताकद बरीचशी खालच्या फेऱ्यांतून काढून घेतलेली असते. हा सौदा कॅम निवडणाऱ्या प्रत्येकाला करावा लागतो.

डब्यातली ओतशाळा

मन्रोंनी हा सौदा पूर्णपणे वेगाच्या बाजूने केला. स्काऊटच्या कडेच्या व्हॉल्व्हची रचना वेगाला अडसर ठरते, हे लक्षात आल्यावर त्यांनी व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर आणले. मूळ इंजिनातील दोन कॅमच्या जागी चार कॅमची रचना बसवली. प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र कॅम मिळाल्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट या दोन्हींची उघडझाप वेगवेगळी आखता येऊ लागली.

हे सारे कोठे घडले? कोणत्याही कारखान्यात नव्हे. दिवसा मन्रो मोटारसायकल विक्रेते म्हणून नोकरी करत आणि रात्री आपल्या शेडमध्ये काम करत. कित्येकदा रात्र सरून पहाट होई आणि ते न झोपताच कामावर जात. जुन्या पत्र्याच्या डब्यांत धातू ओतून त्यांनी भाग घडवले. मापे घेण्यासाठी चाकाच्या जुन्या स्पोकपासून मायक्रोमीटर तयार केला. ट्रॅक्टरच्या ॲक्सलचे पोलाद हाताने कोरून कनेक्टिंग रॉड बनवले. सिलिंडरचे बॅरल, फ्लायव्हील, पिस्टन, कॅम, त्यांच्यावरून सरकणारे फॉलोअर, तेल पोहोचवण्याची व्यवस्था, हे सगळे घरचे.

आज कॅम घासण्यासाठी संगणकावर चालणारी यंत्रे आहेत. आपल्या सोलापुरात १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशोदेशीच्या मोटार उत्पादकांना कॅमशाफ्ट पुरवते. तेथे फुगवट्याचा आकार मिलिमीटरच्या सूक्ष्म अंशापर्यंत राखला जातो. मन्रोंपाशी यांपैकी काहीच नव्हते. कॅम घडवायचा, बसवायचा, समुद्रकाठच्या वाळूवर गाडी पळवून पाहायची, इंजिन फुटले की परत शेडमध्ये यायचे, ही त्यांची प्रयोगशाळा. एखादा फुगवटा फार तीव्र झाला की व्हॉल्व्ह त्याच्या मागे धावू शकत नाही, स्प्रिंग थकते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो. ही चूक पुस्तकात वाचायला एक ओळ पुरते. प्रत्यक्षात तिची किंमत अख्ख्या इंजिनाने मोजावी लागते. त्यांच्या शेडमध्ये एक फळी होती. फुटलेले पिस्टन आणि मोडलेले भाग त्यांनी तिच्यावर ओळीने मांडून ठेवले होते आणि हा वेगदेवतेला वाहिलेला नैवेद्य आहे, असे तेथे लिहूनही ठेवले होते.

नैवेद्याची किंमत

हा नैवेद्य केवळ लोखंडाचा नव्हता. मन्रोंचा संसार होता, चार मुले होती. रात्र शेडमध्ये आणि सुटीचा दिवस शर्यतीत घालवणाऱ्या माणसाचा संसार कसा चालणार? १९४० च्या दशकाच्या अखेरीस तो मोडला. त्याच सुमारास त्यांनी नोकरीही सोडली. पुढे ते इन्व्हरकार्गिलमधील आपल्या शेडमध्येच राहू लागले. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला स्काऊट आणि तिच्या जोडीला १९३६ सालची व्हेलोसेट. ऐन पन्नाशीत माणूस स्थैर्य शोधतो. मन्रोंनी ते सोडून दिले. त्यांचे कौतुक करताना ही बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. कॅमचा नियम त्यांच्या आयुष्यालाही लागू पडला. एका टोकाला जे मिळाले, ते दुसऱ्या टोकाकडून आले होते.

यश मात्र येत गेले. १९४० मध्ये त्यांनी ताशी १९४ किलोमीटरचा न्यूझीलंडचा खुल्या रस्त्यावरील विक्रम केला. १९५७ मध्ये ओरेटी येथील समुद्रकिनाऱ्यावर ताशी २११ किलोमीटरचा वेग नोंदवला. तेव्हा ते ५८ वर्षांचे होते आणि त्याच सुमारास त्यांना हृदयविकाराचा त्रास सुरू झाला. गाडीची भूक मात्र आता इन्व्हरकार्गिलच्या वाळूत भागणारी नव्हती.

मिठाच्या मैदानावर

बॉनव्हिलला मन्रो आधी केवळ प्रेक्षक म्हणून गेले होते. १९६२ मध्ये ते स्पर्धक म्हणून उतरले आणि पहिल्याच वर्षी ८८३ सीसी गटात ताशी २८८ किलोमीटरचा विश्वविक्रम करून परतले. त्या वेळी इंजिन ८५० सीसीपर्यंत वाढवलेले होते. १९६६ मध्ये हजार सीसी गटात ताशी २७० किलोमीटरचा आणि १९६७ मध्ये ९५० सीसीच्या इंजिनावर त्यांनी शेवटचा, सर्वांत मोठा विक्रम केला. विक्रम धरण्यासाठी एकाच मार्गावर दोन्ही दिशांनी गाडी पळवून सरासरी काढतात. पात्रतेसाठीच्या एका फेरीत त्यांनी ताशी ३०५ किलोमीटरचाही टप्पा ओलांडला होता.

त्याच वर्षी एका फेरीत गाडी भरवेगात डगमगू लागली. वेग कमी व्हावा म्हणून मन्रो कवचातून वर उठून बसले, तसा वाऱ्याने त्यांचा चष्मा उडवून नेला. डोळ्यांपुढे काही दिसेना. काळी रेघ सुटली आणि मार्ग दाखवणाऱ्या पोलादी खुंटाला गाडी अवघ्या काही इंचांनी चुकली. शेवटी त्यांनी ती मिठावर आडवी केली. थोडे खरचटले, इतकेच. साठी उलटलेल्या माणसाचे हे धाडस पाहून तेथील जाणकारही थक्क झाले.

येथे गाडीचा स्वभाव लक्षात घेतला पाहिजे. एवढ्या वेगासाठी आखलेली गाडी सुरू करायलाही ढकलावी लागे. तिला कमी फेऱ्यांत दम नव्हता आणि तशी गरजही नव्हती. बॉनव्हिलला चढण नाही, वळण नाही, सिग्नल नाही, आडवे येणारे जनावर नाही. एकदा वेग धरला की तो वाढवत न्यायचा, एवढेच काम. त्या एका कामासाठी मन्रोंचे कॅम अचूक होते. १९२० साली जी गाडी कोणत्याही रस्त्यावर नेता येत होती, ती आता जगातील एकाच प्रकारच्या रस्त्यावर चालण्याजोगी उरली होती.

आपल्या रस्त्यासाठी कोणता कॅम?

मिठाच्या मैदानावरून आपण आता मराठवाड्यात येऊ. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात साखरा हे गाव आहे. तेथून कोणी पाठीमागे जोडीदार आणि दोन्ही बाजूंना पिशव्या लादून सेनगाव, हिंगोली करत औंढा नागनाथच्या दर्शनाला निघाला, असे समजा. वाटेत गाव लागते, गतिरोधक लागतो, हळदीच्या पोत्यांनी भरलेला ट्रॅक्टर पुढे असतो, शेरडांचा कळप रस्ता ओलांडतो. एखाद्या ठिकाणी तिसऱ्या गिअरवर चाळीसच्या वेगातून ट्रॅक्टरला मागे टाकायचे असते, आणि तेही समोरून एसटी येण्यापूर्वी. या माणसाच्या गाडीचे इंजिन दिवसभर मधल्या आणि खालच्या फेऱ्यांत फिरत असते. तेथेच त्याला ताकद हवी. मन्रोंसारखा कॅम बसवला तर ट्रॅक्टरच्या मागे गाडी नुसती गुरगुरत राहील. वेग वाढेल तो अशा टप्प्यावर, जेथे या रस्त्यावर कधी जायचेच नाही.

म्हणून प्रवासी गाडीचा कॅम निवडताना पहिला प्रश्न कमाल ताकदीचा नसावा. आपले इंजिन दिवसातील बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर फिरते, हा तो प्रश्न. विक्रेता कमाल अश्वशक्तीचा आकडा आवर्जून सांगतो. त्याला ओढण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, कोणत्या फेऱ्यांवर सर्वाधिक मिळते ते विचारावे. ओझे आणि जोडीदार घेऊन फिरणाऱ्याला बहुधा मूळ कॅमपेक्षा थोडी अधिक लिफ्ट आणि जेमतेम वाढवलेले ड्युरेशन, एवढाच बदल मानवतो. ओव्हरलॅप वाढला की मायलेज आणि इंजिनाची शांत चाल या दोन्हींना धक्का बसतो.

दुसरी गोष्ट, कॅम एकटा कधी बदलत नाही. व्हॉल्व्ह अधिक उचलला जाणार म्हणजे स्प्रिंग तेवढी दबली पाहिजे आणि तिच्यात वेगाने परतण्याचा जोरही हवा. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यात पुरेसे अंतर आहे का, हे मापून पाहावे लागते. चांगले मेकॅनिक पिस्टनच्या माथ्यावर मातीसारखा मऊ गोळा ठेवून, इंजिन हाताने फिरवून, उमटलेल्या ठशावरून हे अंतर तपासतात. कॅम नेमक्या अंशावर बसला आहे की नाही, हे अंशांच्या खुणा असलेली चकती क्रँकशाफ्टला लावून पाहतात. कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरही नव्या श्वासाला जुळते करावे लागतात. जुन्या बुलेटसारख्या गाड्यांत कॅमच्या फुगवट्यावर फॉलोअर थेट घासतो, तेथे पहिल्या काही मिनिटांतच नीट तेल मिळाले नाही तर नवा कॅम खरवडून निघतो. मन्रोंनी तेलाची व्यवस्था स्वतः नव्याने घडवली, त्यामागील कारणही इंजिनाची हीच गरज होती.

एवढे सारे केल्यावरही पुष्कळदा असे आढळते की कारखान्यातून आलेला कॅमच आपल्या प्रवासाला सर्वांत योग्य होता. तो आखणाऱ्या अभियंत्याने ओझे, चढण, उन्हाळा आणि पेट्रोल यांचा विचार आधीच केलेला असतो. तो बदलण्यात कमीपणा नाही; पण का बदलतो आहोत, हे आपल्याला सांगता आले पाहिजे. मन्रोंना ते सांगता येत होते.

अखेरचा टप्पा

१९७१ मध्ये रॉजर डोनाल्डसन यांनी मन्रोंवर एक माहितीपट तयार केला. त्यांच्यावरील चित्रपट येण्यास त्यानंतर ३४ वर्षे लागली आणि तो पाहायला मन्रो उरले नव्हते. १९७७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. हातांवरचा ताबा पूर्वीसारखा राहिला नाही. ज्या हातांनी पोलाद कोरले, त्या हातांना साधी हत्यारे जड झाली. आपल्या गाड्या आपल्याच मुलखात राहाव्यात, ही त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी दोन्ही गाड्या इन्व्हरकार्गिलमधील ई. हेज अँड सन्स या दुकानाच्या मालकांना विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ७८ वर्षांचे होते. दोन वर्षेही जगणार नाही असे ज्याच्याविषयी सांगितले गेले होते, त्या मुलाने एवढे आयुष्य काढले. स्काऊट पुढे त्याच दुकानात लोकांना पाहण्यासाठी ठेवण्यात आली.

२००६ मध्ये अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनच्या सन्माननीयांच्या यादीत त्यांचे नाव मरणोत्तर दाखल झाले. कहाणीचा शेवट मात्र २०१४ सालचा आहे. मन्रोंच्या मुलाला १९६७ च्या विक्रमाच्या आकडेमोडीत चूक आढळली. दोन फेऱ्यांची सरासरी काढताना हिशेब चुकला होता आणि वेग ताशी १८३.५८६ मैल असा कमी नोंदवला गेला होता. संबंधित संघटनेने कागद तपासले, चूक मान्य केली आणि विक्रम ताशी १८४.०८७ मैल असा सुधारून घेतला. विक्रमानंतर ४७ वर्षांनी आणि मृत्यूनंतर ३६ वर्षांनी मन्रोंचा वेग अर्ध्या मैलाने वाढला.

ज्या कुटुंबाच्या वाट्याचा वेळ मन्रोंनी त्या गाडीला दिला, त्याच कुटुंबातील मुलाने वडिलांचा हिशेब नीट मांडून दिला. मन्रोंच्या चुकलेल्या कॅमचे तुकडे कधीच वितळून गेले असतील. आपल्याला काय हवे आहे हे ठरवून, त्यापायी जे सोडावे लागते ते डोळे उघडे ठेवून सोडण्याची त्यांची रीत मात्र इंजिनाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने शिकावी अशी आहे. साखऱ्याहून औंढ्याला निघालेल्या प्रवाशाचे उत्तर मन्रोंपेक्षा वेगळे येईल. ते यायलाच हवे, कारण त्याचा रस्ता वेगळा आहे.